किल्लीला पडलेलं एक मत

किल्लीवहिनींच्या घरात सकाळी माणसं तीन आणि स्टूल एक. त्या स्टुलावर अण्णा, म्हणजे वहिनींचे सासरे, खिडकीकडे तोंड करून बसतात. हातात कानस. किल्ली घासायची असो वा नसो, कानस हातात लागतेच. ती नसली तर चहाचा कप कुठल्या हातात धरायचा हेच त्यांना सुचत नाही. नवरा बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला. तो घरी येतो तेव्हा बाहेर घाम फुटायला लागलेला असतो आणि याच्या अंगात स्वेटर. ओट्याला टेकून, चहात ब्रेड बुडवत तो जगाच्या बातम्या सांगतो आणि मग जग गेलं उडत म्हणून डोक्यावरून पांघरूण घेतो. तेवढ्या वेळात वहिनी दुपारचा डबा भरतात, अण्णांच्या डोळ्यांत औषध घालतात आणि दुकानाच्या किल्लीसाठी उशीखाली चाचपतात.

"अण्णा, वर बघा. डोळा मिटू नका."

"मिटत नाही गं. आपोआप मिटतो."

नवरा मोबाइलवर बोट फिरवत होता. "दादा निवडून आले बरं का," तो म्हणाला. "पण कसेबसे. पेढे वाटावेत की घाम पुसावा, असा प्रश्न पडावा, इतपतच."

"आले ना, मग झालं."

"अगं, गंमत पुढंच आहे. आपल्या केंद्रावर किती मतं पडली सांग. चौदा! यादीत साडेपाचशेच्या वर नावं आणि मतं चौदा. आमच्या कारखान्यात चहाच्या खिडकीपाशी याहून मोठी रांग असते."

"तुम्ही गेला होतात का?"

"मी झोपलो होतो. रात्रपाळीच्या माणसाला लोकशाही माफ असते." त्यानं ब्रेडचा उरलेला तुकडा कपात बुडवला. "तर त्या चौदातली तेरा कपबशीला, आणि एक किल्लीला."

खिडकीपाशी कानशीचा आवाज चालला होता, खर्र खर्र. तो थांबला. वहिनींच्या ते लक्षात आलं, पण डबा भरायचा होता, म्हणून त्यांनी ते तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं.

कपबशी म्हणजे दादांचं चिन्ह. दादा या वॉर्डाचे नगरसेवक, आणि त्यांच्याआधी त्यांचे वडील नगरसेवक होते. यंदा त्यांच्यासमोर एक निवृत्त नर्सबाई उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे ना पक्ष, ना गाडी, ना भोंगा. चिन्ह वाटपात त्यांच्या वाट्याला आली किल्ली. तेव्हापासून गल्लीत वहिनींना बघून जो तो हसायचा. "काय वहिनी, तुमचं तर पक्कं!" वहिनीही हसून म्हणायच्या, "हो ना, दुधवाल्या मामांचं कपबशीला पक्कं असतं तसं." थट्टा होती, थट्टेसारखी गेली.

मतदानाचं केंद्र मात्र यंदा कोणीतरी शहाण्यानं हायवेपलीकडच्या गोदामांमागच्या शाळेत नेलं. पूल चढा, पूल उतरा, वर ऊन. शिवाय लागून सुट्ट्या. शिवाय "दादाच येणार, मग आपण कशाला तंगडतोड करायची." कोणी गावाला गेलं, कोणी पडदे धुतले. शेवटी दुपारी दादांनीच गाडी पाठवली. तिच्या दोन फेऱ्यांत या गल्लीतली चौदा माणसं गेली आणि बोटाला शाई लावून आली. आपण होऊन, आपल्या पायानं, एकही गेला नाही. वहिनी आणि अण्णा दुसऱ्या फेरीतले. उतरल्यावर दादांच्या माणसांनी कपबशीतून चहा दिला होता; कपातून नव्हे, कपबशीतून. म्हणजे विसर पडायला नको.

दारावर थाप पडली ती नेमकी डब्याचं झाकण लावताना.

किल्लीवाल्यांच्या दाराला थापेचं नवल नसतं. कोणाचं दार वाऱ्यानं लागलेलं असतं, कोणाची किल्ली नळाच्या चेंबरमध्ये पडलेली असते. अशा थापेत घाई असते आणि थोडी लाज असते. वहिनी थापेवरून सांगू शकतात, आलेल्या माणसाला कडीचं कुलूप उघडायचंय की लॅचचं. या थापेत घाई नव्हती आणि लाज तर मुळीच नव्हती.

दारात दादांचा मेहुणा होता. दोन हातांत दोन मोबाइल, शर्टाला कडक इस्त्री.

"या ना, बसा," वहिनी म्हणाल्या.

"बसायला नाही आलो." त्यानं खोलीत नजर फिरवली: ओट्यापाशी स्वेटरवाला नवरा, खिडकीशी अण्णा. "ऐकलं असेल तुम्ही. तेरा आणि एक."

"आत्ताच ऐकलं."

"चौदाच्या चौदा आमच्या गाडीतले. दादांच्या फार मनाला लागलंय. म्हणून दादांनी गाडीतल्या सगळ्यांना त्यांच्या इमारतीच्या आवारात बोलावलंय. एकेकानं समोर येऊन सांगायचं, म्हणजे संशय नको." मग तो किंचित हसला. "तुम्हाला काय सांगायचं म्हणा. किल्लीवाल्यांनी किल्ली दाबली, तर त्यात नवल ते काय?"

"थट्टा करताय ना, भाऊ?"

"थट्टा असती तर चहा मागितला असता. लगेच या. आणि येताना दुकानाची किल्ली घेऊन या. दादा म्हणाले, हे मिटेपर्यंत ती टेबलावर राहू दे."

तो जिना उतरून गेला. नवरा आधी दाराकडे, मग वहिनींकडे बघू लागला.

"तू कपबशीलाच दिलंस ना?"

"हो."

"मग झालं तर! छाती ठोकून सांग आणि मोकळी हो. खऱ्याला भ्यायचं कशाला?" असं म्हणून तो तोंड धुवायला गॅलरीतल्या नळावर गेला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. बर्फवाल्याचा जीव पटकन थंड होतो.

आता ते दुकान म्हणजे काय, तेही सांगायला हवं. मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी दादांची तीन मजली इमारत आहे. तिच्या जिन्याखाली एक तिरका कोनाडा आहे. आत उभं राहायचं तर डोकं सांभाळावं लागतं आणि बसलं की वरून लोकांच्या चपला चढता-उतरताना ऐकू येतात. अण्णा ऐन उमेदीत असताना दादांच्या वडिलांनी तो दाखवून म्हटलं होतं, "बसा हो इथं. जिन्याखाली काय, केरसुण्याच पडून असतात." बस्स. कागद नाही, सही नाही, शिक्का नाही. त्या एका वाक्यावर आजवर ते दुकान उभं होतं.

अण्णांच्या डोळ्यांवर सारा आला, नीट दिसेनासं झालं, तेव्हा तिथं कोण बसणार, असा प्रश्न पडला. मुलगा म्हणाला, "मला ते बारीक काम जमत नाही, मी थंड डोक्याचा माणूस," आणि खरोखरच थंडीत नोकरी धरली. मग सूनच बसली. बाई माणूस किल्ल्या करणार, म्हणून लोक आधी बिचकले. पण दुधवाल्या मामांची बायको सगळ्यांसमोर म्हणाली, "रोज घराला कुलूप घालणारी मीच, किल्ली कमरेला मिरवणारी मीच, मग करणारी बाई असली तर बिघडलं कुठं?" त्या दिवसापासून वहिनींचं नाव पडलं किल्लीवहिनी आणि लोक त्यांचं पाळण्यातलं नाव विसरून गेले.

शिकवताना अण्णांनी पहिल्या दिवशी हातात कानस दिली नव्हती. पहिल्या दिवशी दिला एक नियम. "सूनबाई, किल्ली कोणाची केली ते गिऱ्हाईक जाताक्षणी विसरायचं. नवऱ्यानं विचारलं तरी नाही सांगायचं, पोलिसानं विचारलं तर लेखी मागायचं. ज्याच्या पोटात गोष्ट राहत नाही, त्यानं किल्लीचा धंदा करू नये. भजनं म्हणावीत." आणि तेव्हाच एक जुना प्रसंग सांगितला होता. जुन्या मालकांच्या, म्हणजे दादांच्या वडिलांच्या, स्कूटरची दुसरी किल्ली कोणीतरी अण्णांकडून करून नेली. स्कूटर रोज दुपारी गुपचूप बाहेर जायची आणि गुपचूप परत यायची. मालकांना पत्ता लागला तसे ते तांबडेलाल होऊन जिन्याच्या पायऱ्यांवर उभे राहिले आणि म्हणाले, नाव सांग, नाहीतर गाशा गुंडाळ. अण्णांनी गाशा गुंडाळायला घेतला. नाव सांगितलं नाही. ते बघूनच मालक थंड झाले होते.

"कोण होता तो?" वहिनींनी तेव्हा विचारलं होतं.

"बघ, आत्ताच नापास झालीस," अण्णा म्हणाले होते.

तर असे अण्णा. नवरा नळावर गेल्यावर ते स्टुलावरून उठले, ओट्याजवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, "पोरी, माझ्याकडून झालंय."

वहिनींच्या हातातला डबा हातातच राहिला.

"मला सांगितलं होतं, वरून दुसरं बटण, कपबशी. मी ठरवूनच गेलो होतो. पण त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागं उभं राहिलो तर सगळी चित्रं धूसर. छत्री की कपबशी, काही कळेना. एकच चित्र ओळखू आलं. किल्ली दिसली, आणि अंगठा गेला. जन्मभर गेलाय तसा."

"चुकून झालं, अण्णा."

बोटावरच्या शाईवरून अण्णांनी दुसऱ्या हाताचा अंगठा फिरवला.

"चुकूनच ना?"

"पहिल्यांदा चुकून," अण्णा म्हणाले. "पण मशीन वाजलं ना, तेव्हा बरं वाटलं गं. कपबशी, छत्री, शिडी, सगळं बघत आलो इतकी वर्षं. आपली वस्तू तिथं कधी नव्हती." मग ते एकदम खचल्यासारखे झाले. "दादांच्या बापानं जागा दिली मला. मी जाऊन पाय धरतो आणि सांगतो. सगळे मला बेइमान म्हणू देत, पण तुझ्यावर आळ नको."

मघापर्यंत सगळं सोपं होतं. वहिनींनी मत दादांनाच दिलं होतं. त्यात प्रेम किती आणि जिन्याखालच्या कोनाड्याची काळजी किती, ते त्यांचं त्यांना ठाऊक. नुसतं खरं सांगायचं आणि सुटायचं. पण "मी नाही" एवढे दोन शब्द त्यांनी उच्चारले की पुढचं बोट कोणाकडे वळणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. किल्लीवाल्यांच्या घरात शाईची बोटं दोनच. आणि अण्णांनी ज्या आवारात मान ताठ ठेवून सगळं आयुष्य काढलं, त्याच आवारात त्यांना पाय धरावे लागले असते.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "तुम्ही मला पहिल्या दिवशी काय शिकवलंत?"

"ते गिऱ्हाइकाचं. हे वेगळं."

"हेही तेच. तुम्ही तिथं एक अक्षर बोलायचं नाही. माझी आण आहे."

आवारात दादांच्या ऑफिसातलं टेबल मांडलेलं होतं. त्यावर चहाच्या कपबश्या, अर्ध्या भरलेल्या, कोणी न उचललेल्या. दादा प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. निवडून आलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, गळ्यात हार नाही. बाजूला मेहुणा उभा. समोर गाडीतली माणसं, लग्नाच्या फोटोला उभी राहावीत तशी अवघडलेली. आणि वरच्या तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या मात्र गच्च. मतदानाच्या दिवशी ज्यांच्या दारांना बाहेरून कुलपं होती, ती सगळी कठड्याला टेकून उभी होती. त्यांची बोटं लख्ख कोरी. बँकेतून निवृत्त झालेले काका तर बशीतला चहा फुरक्या मारत बघत होते.

"मी कोणाला जाब विचारायला बोलावलं नाही," दादा म्हणाले. आवाज मऊ होता, म्हणून जास्त भीती वाटली. "मत ज्याचं त्याचं. पण माझ्या गाडीत बसून, माझा चहा पिऊन कोणी माझ्याच पाठीत खुपसावं, हे मनातून जात नाही. एकदा गाठ सुटली की मी मोकळा, तुम्ही मोकळे."

"टेबलावर हात ठेवायचा," मेहुणा म्हणाला, "आणि लेकरांची शपथ घेऊन सांगायचं."

दुधवाले मामा पुढं झाले. "माझ्या गाईंची शपथ, कपबशीला दिलं."

"लेकरांची घ्या, मामा."

"लेकरं माझं ऐकत नाहीत. गाई निदान दूध तरी देतात."

वर कोणीतरी खिदळलं. दादा हसले नाहीत, आणि हसू जागच्या जागी विझलं. मग एकामागून एक हात टेबलावर येत गेले. शिकवणीच्या बाईंनी शपथ घेता घेता रडायलाच सुरुवात केली. काही केलं नव्हतं त्यांनी, पण कोणी डोळे वटारून बघितलं की निरपराध माणसालाच आधी रडू येतं. बेकरीवाला म्हणाला, "तीन वेळा दाबलं, दादा, पक्कं व्हावं म्हणून." रांग सरकत होती. वहिनींच्या मुठीत दुकानाची किल्ली होती. तिचे दात तळव्यात रुतत होते.

"आता काय राहिलंय बघायचं?" वरून बँकेतले काका म्हणाले. मोठ्यानं नव्हे, पण ऐकू जाईल असं. "किल्लीवालीच. साधा हिशेब आहे."

"तसं बघितलं तर बाई चांगली आहे हो," दुसऱ्या मजल्यावरून कोणी म्हणालं.

"चांगलीच असतात. म्हणून तर कळत नाही."

मेहुण्यानं नजरेनं बोलावलं. वहिनी पुढं झाल्या. अण्णा त्यांच्या मागोमाग, काठी टेकत. नवरा स्वेटर न काढताच आला होता. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"किल्ली," मेहुणा म्हणाला.

वहिनींनी किल्ली टेबलावर ठेवली. ती एका बशीला लागली आणि टणकन वाजली. जिन्याखालच्या कोनाड्याचं शटर तिथून दिसत होतं. त्यावर अण्णांच्या हातची पिवळी किल्ली रंगवलेली होती. जुनी, पोपडे आलेली. आजवर त्या चित्राकडे कोणी असं बघितलं नव्हतं.

"आता हात."

वहिनींनी हात ठेवला नाही.

"दादा," मागून अण्णांचा आवाज आला. घोगरा, घाईचा. "दादा, मला काही..."

"अण्णा, तुम्हाला धाप लागलीय," वहिनी वळून म्हणाल्या. आवाज असा होता की त्या घरात सून होऊन आल्यापासून त्यांनी तो सासऱ्यांसमोर कधी काढला नव्हता. "अहो, त्यांना खुर्ची द्या. आणि पाणी. बोलू देऊ नका त्यांना, डॉक्टरांनी सांगितलंय."

डॉक्टरांनी असलं काही सांगितलं नव्हतं. नवरा गोंधळला, पण त्यानं खुर्ची आणली. अण्णा बसले. पाण्याचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरला. दादांनी तो पेला बघितला. मग वहिनींकडे बघितलं. फार वेळ बघितलं.

"वहिनी, सगळ्यांनी सांगितलं," दादा म्हणाले.

"सांगितलं. ज्याची त्याची मर्जी. मी सांगणार नाही."

गॅलऱ्यांत कुजबूज उठली. "झालं! कबूलच केलं की," मेहुणा म्हणाला.

"कबूल केलं नाही, भाऊ. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही."

नवरा कानाशी आला. "अगं, वेडी झालीस का? दिलंस ना कपबशीला? सांगून टाक की!" तो कुजबुजला खरा, पण घाबरलेल्या माणसाची कुजबूज बोलण्याहून मोठी असते, ती पहिल्या रांगेपर्यंत गेली. वहिनींनी त्याच्याकडे असं बघितलं की इतकी वर्षं बर्फात राहून जो गोठला नव्हता तो तिथल्या तिथं गोठला.

पण शब्द सुटला होता. मेहुण्यानं तो झेलला. "म्हणजे वहिनींनी नाही. मग..." त्याची नजर सरकली आणि खुर्चीतल्या अण्णांवर जाऊन थांबली. दुधवाल्या मामांनी मान खाली घातली. शिकवणीच्या बाईंनी तोंडावर पदर दाबला. वहिनींना वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. अण्णांचे ओठ हलले. एक शब्द बाहेर आला असता तर सगळं संपलं असतं.

"दादा," वहिनी चटकन म्हणाल्या, "मला एक विचारू द्या. आमच्या धंद्यातलं."

"विचारा."

"तुमच्या वडिलांनी याच पायऱ्यांवर उभं राहून एकदा अण्णांना जाब विचारला होता. तुम्हाला आठवत असेल, तुम्ही तेव्हा कॉलेजात होता. त्यांच्या स्कूटरची दुसरी किल्ली कोणीतरी करून नेली होती. ते म्हणाले होते, नाव सांग नाहीतर गाशा गुंडाळ."

दादांनी समोरची बशी जरा बाजूला सरकवली.

"अण्णांनी गाशा गुंडाळायला घेतला. नाव सांगितलं नाही. नंतर नाही, आजपर्यंत नाही. मला सुद्धा नाही, मी या घरची सून असून. आमच्याकडे आलेली गोष्ट आमच्याकडे राहते, या भरवशावर लोक आमच्या हातात घराच्या किल्ल्या देतात. आज मी माझंच मत इथं ओरडून सांगितलं, तर उद्या कोणाच्या किल्लीची गोष्ट मी पोटात ठेवीन? आणि माझ्याच्यानं जे होत नाही, ते अण्णांना करायला लावू नका."

वरच्या मजल्यावर काकांची बशी कठड्याला लागून वाजली. दादांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. हळूहळू, खालून वर, शाळेतल्या पोराच्या होतात तशा. ते अण्णांकडे बघत होते आणि अण्णा पेल्यातल्या पाण्याकडे. अण्णांनी मान वर केली नाही. ती स्कूटरची किल्ली कोणी करून नेली होती, ते वहिनींना त्या क्षणी कळलं. कळल्याबरोबर त्यांनी ते विसरायला घेतलं.

"दादा, पण हिनं उत्तर..." मेहुणा पुढं झाला.

"तू जरा गप बस," दादा म्हणाले.

त्यांनी टेबलावरची किल्ली उचलली. तळहातावर घेऊन थोडा वेळ बघितली. मग त्यांनी ती वहिनींच्या बाजूला, टेबलाच्या अगदी कडेशी ठेवली आणि बोटानं थोडी पुढं ढकलली.

"जाऊ दे," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही. आवाजातला मऊपणा गेला होता, म्हणून तो आता माणसाचा वाटत होता. "दुकान उघडायची वेळ टळून गेली तुमची."

वहिनींनी किल्ली उचलली. ती गार होती. अण्णांनी पेल्यातलं पाणी संपवलं. नवऱ्यानं अखेर स्वेटर काढला. मेहुणा कपबश्या गोळा करायला लागला, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. गॅलऱ्यांतली माणसं, खेळ संपल्यासारखी, एकेक करून आत वळायला लागली. बँकेतले काका वळता वळता म्हणाले, "तरी पण कळायला हवं होतं."

ते ऐकून वहिनी जायच्या थांबल्या. त्या जिन्यापाशी पोचल्या होत्या. तिथून मागं वळून त्यांनी वर बघितलं. कठड्यावरचे सगळे हात, सगळी कोरी बोटं. पोतंभर धान्यात एक खडा लपून जातो. वाटीभर धान्यात तो पहिल्याच बोटाला लागतो. साडेपाचशे माणसं पूल ओलांडून गेली असती तर एका म्हाताऱ्याचा अंगठा कुठं पडला हे त्याच्या सुनेलाही कळलं नसतं, आणि आज सकाळी त्यांच्या दारावर थाप पडली नसती.

"दादा," त्या म्हणाल्या.

"आता काय, वहिनी? आणखी काही हवंय का?"

"एकच मागणं आहे. जागेचं नाही, कशाचं नाही."

"बोला."

"पुढच्या निवडणुकीला गाडी या गॅलऱ्यांतल्या सगळ्यांसाठी पाठवा. मत कोणालाही देऊ देत, पण सगळे येऊ देत. आम्हाला लपायला गर्दी हवी."